काल्ताजिरोनेला पहिल्यांदा जाताय? आधी संग्रहालय, मग पायऱ्या, आणि खरेदी सगळ्यात शेवटी

इटलीच्या सहलीत सिसिली बेट घेणारी आपली मंडळी बहुतेक वेळा कातानियाला उतरतात, एत्ना ज्वालामुखी आणि ताओर्मिना बघतात आणि पालेर्मोकडे निघतात. काल्ताजिरोने त्या वाटेवर येत नाही, त्यामुळे ते राहून जातं. ज्यांना मातीच्या भांड्यांची, टाइलांची, रंगकामाची जराशीही आवड आहे त्यांनी ते चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. बेटाच्या आतल्या भागात, सुमारे ६०० मीटर उंचीवर, डोंगरांच्या सोंडांवर हे गाव पसरलेलं आहे. हजाराहून जास्त वर्षं तिथे माती मळली, रंगवली आणि भाजली जाते आहे, आणि आजही गल्लीबोळांतून भट्ट्या चालू आहेत.

मात्र बरेच जण इथे घाईत येतात. रंगीत टाइलांच्या प्रसिद्ध पायऱ्यांवर फोटो काढायचा, समोरच्या पहिल्याच दुकानातून एक रंगीत वस्तू घ्यायची आणि दुपारच्या गाडीने परत. असं केलं तर गाव दिसतं, पण त्याचं काम दिसत नाही. म्हणून माझा आग्रह एका क्रमाचा आहे. आधी संग्रहालय, मग चालत गाव, मग पायऱ्या, मग कारखाने आणि पैशाचं पाकीट सगळ्यात शेवटी. नजर तयार झाल्यावर केलेली खरेदी वेगळीच होते.

कधी जावं, किती वेळ ठेवावा

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम महिने. जुलै-ऑगस्टमध्ये सिसिलीच्या आतल्या भागात ऊन फार कडक असतं, पारा सहज ३५ अंशांच्या वर जातो आणि चढाच्या गावात ते सोसत नाही. डिसेंबरची मजा निराळी. ख्रिस्तजन्माचे देखावे मांडण्याची इथली परंपरा जुनी आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या भाजक्या मातीच्या छोट्या मूर्ती हे या गावाचं खास काम. एकोणिसाव्या शतकात जाकोमो बोंजोवान्नी आणि त्याचा भाचा जुझेप्पे वाक्कारो यांनी या मूर्तींतून साध्या माणसांना अमर केलं. मेंढपाळ, म्हाताऱ्या, वाद्य वाजवणारे, कपड्यांच्या चुण्यांसकट. हिवाळ्यात जाणार असाल तर असे देखावे जरूर शोधा. मात्र डोंगरावर वारा बोचरा असतो, स्वेटरवर भागत नाही.

एक दिवस पुरतो, पण एक रात्र राहिलात तर जास्त बरं. दुपारच्या वामकुक्षीसाठी इथली दुकानं साधारण एकपासून चार वाजेपर्यंत बंद असतात. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याचे मधले तीन तास बंद दारांसमोर जातात. मुक्कामाला असाल तर तेवढा वेळ जेवणात आणि विश्रांतीत जातो, आणि संध्याकाळी गाव पुन्हा जागं होतं तेव्हा तुम्ही तिथेच असता. सोमवार आणि रविवार शक्यतो टाळा. इटलीत पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि रविवारी बस-गाड्यांच्या फेऱ्या फारच कमी होतात.

पोहोचायचं कसं

भारतातून कातानियाला थेट विमान नाही. रोम, मिलान किंवा युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या विमानतळावर बदलावं लागतं. शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्यासाठीच्या प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, तेव्हा हे काम लवकर उरका.

कातानियाहून काल्ताजिरोने साधारण ७० किलोमीटर. तीन मार्ग आहेत. बस सगळ्यात सोयीची, दीड तासाच्या आसपास लागतो. कातानियाच्या मुख्य रेल्वे स्थानकाच्या परिसरातून आंतरशहर बस सुटतात. रेल्वेही आहे, पण गाड्या मोजक्याच. पूर्वी हा लोहमार्ग काल्ताजिरोनेच्या पुढे दक्षिण किनाऱ्यावरच्या जेलापर्यंत जायचा. २०११ मध्ये वाटेतला एक पूल कोसळला आणि पुढची वाहतूक थांबली. त्यामुळे रेल्वेने येणार असाल तर कातानियाकडूनच या आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी लिहून ठेवा. स्थानकावर कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उठवून घ्यायचा असतो. ते राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो.

गाडी भाड्याने घेतली तर स्वातंत्र्य मिळतं. तासाभरात पोहोचता, आणि पियात्सा आर्मेरिनाजवळचा रोमन वाडा, व्हिला रोमाना देल कासाले, हाही त्याच फेरीत जोडता येतो. त्याच्या जमिनीवरचं मोझेक काम जगप्रसिद्ध आहे आणि १९९७ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढून न्या. इटलीतल्या जुन्या गावांत ठरावीक गल्ल्यांमध्ये बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते. गाडी नव्या भागातच उभी करा आणि जुन्या गावात पायी शिरा. तसंही या गावाला पायांखेरीज वाहन उपयोगाचं नाही.

गावाची ठेवण आणि दोन-चार तारखा

स्थानक आणि बसथांबा नव्या भागात आहेत. तिथून जुन्या गावाकडे नेणारा मुख्य रस्ता म्हणजे विया रोमा. याच रस्त्यावर सार्वजनिक बाग आणि मातीकामाचं संग्रहालय येतं, पुढे पूल, मग चौक आणि शेवटी पायऱ्या. एवढी एक रेघ डोक्यात ठेवली की गावात हरवायला होत नाही.

माती इथे मुबलक होती आणि भट्टीला लागणारं लाकूड जवळच्या सान पिएत्रोच्या जंगलातून यायचं. नवव्या शतकात अरब सिसिलीत आले, त्यांनी चकाकणारी झिलई चढवण्याची विद्या आणली आणि इथल्या कुंभारकामाची दिशा बदलली. या भागात मध भरपूर व्हायचा. तो भरायला बरण्या लागायच्या, त्यामुळे धंद्याला कायमचं गिऱ्हाईक मिळालं.

११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने सिसिलीचा आग्नेय भाग जमीनदोस्त केला. काल्ताजिरोनेही पडलं. पुन्हा उभं राहिलं ते बारोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या शैलीत. देवळांचे दर्शनी भाग, घुमट, जमिनी, सज्जे अशा सगळ्यांसाठी रंगीत मातीकामाची मागणी आली. आज दिसणारं गाव बहुतांशी त्या काळातलं आहे. २००२ मध्ये युनेस्कोने वाल दि नोतो या आग्नेय सिसिलीच्या भागातल्या आठ बारोक गावांना जागतिक वारसा म्हणून घोषित केलं, त्यात हे एक.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतली स्वस्त फरशी आली आणि हातकामाला उतरती कळा लागली. इथे एका माणसाचं नाव घ्यायला हवं, ते म्हणजे लुईजी स्तुर्त्सो. जन्म याच गावातला, १८७१ चा. कॅथलिक धर्मगुरू असूनही १९०५ ते १९२० अशी पंधरा वर्षं त्यांनी गावचा कारभार पाहिला. पुढे १९१९ मध्ये त्यांनी इटालियन पीपल्स पार्टी स्थापन केली आणि फॅसिस्ट राजवटीत त्यांना परागंदा व्हावं लागलं. इटलीच्या इतिहासात ते राजकारणी म्हणून ओळखले जातात. काल्ताजिरोनेसाठी मात्र त्यांचं मोठं काम म्हणजे १९१८ मध्ये सुरू केलेली मातीकामाची शाळा. बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या तुटू लागली होती, तिला शाळेचा आधार मिळाला. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे. जे. कलाशाळेच्या आश्रयाने बॉम्बे पॉटरी घडली, तिचे नमुने भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. निघण्याआधी ते एकदा बघून जा. शाळेतून शिकलेला हात आणि घराण्यातून आलेला हात यांत काय फरक असतो, हा प्रश्न मनात घेऊन गेलात तर काल्ताजिरोनेत पावलोपावली उत्तरं सापडतात.

पहिला टप्पा: मातीकामाचं संग्रहालय

सकाळी दार उघडताच इथे जा. बागेला लागून असलेलं हे प्रादेशिक संग्रहालय, आणि त्याच्या तोंडाशी नाताले बोनाय्युतो या वास्तुकाराने १७९२ मध्ये बांधलेलं छोटं दगडी प्रेक्षागार, तेआत्रिनो. उघडण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, तेव्हा राहत्या जागी आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा.

प्रागैतिहासिक काळापासून विसाव्या शतकापर्यंतचं काम इथे क्रमाने मांडलेलं आहे. सगळं बघायचा हट्ट धरू नका. एका ग्रीक पात्रासमोर मात्र थांबाच. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं, काळ्या जमिनीवर लाल आकृत्यांचं हे पात्र आहे आणि त्यावर चाकावर काम करणारा कुंभार रंगवलेला आहे. शेजारी अथेना देवी उभी राहून त्याचं काम बघते आहे. कुंभाराने स्वतःच्याच धंद्याचं चित्र भांड्यावर काढावं आणि देवीला साक्षीला बोलवावं, यात त्या कामाचा केवढा मान आहे!

पुढे औषधांच्या बरण्यांचं दालन येतं. कमरेत किंचित आत गेलेल्या, उभट बरण्या. आकार असा का? औषधवाल्याच्या फळीवर त्या एकीला एक लागून असायच्या. मधली हात घालून काढता यावी म्हणून कंबर निमुळती. निळ्या जमिनीवर पिवळी-हिरवी वेलबुट्टी आणि मध्ये संतांचे किंवा योद्ध्यांचे चेहरे. या बरण्यांवर जरा जास्त वेळ घालवा. काल्ताजिरोनेचा निळा, हिरवा आणि दाट पिवळा डोळ्यांत बसवायची हीच जागा. पुढे दुकानांत हे तीन रंग शेकडो वस्तूंवर दिसणार आहेत. कुठला खोल आहे आणि कुठला नुसता भडक, हे इथे पाहिलेल्यावरून कळतं.

विया रोमावरून चालत

संग्रहालयातून बाहेर पडून बागेत थोडं बसा. वास्तुकार जोव्हान बात्तिस्ता फिलिप्पो बासिले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही बाग आखली. रस्त्याकडेच्या कठड्यावर मातीचे कलश आणि दिव्यांच्या आकृत्या बसवल्या आहेत, मध्ये संगीत वाजवण्याचा मंडप आहे.

मग विया रोमाने जुन्या गावाकडे निघा आणि मान वर ठेवा. वाटेत बेनेदेत्तो व्हेंतिमिल्या या कारागिराच्या घराचा सज्जा लागतो. अठराव्या शतकातलं हे काम. सज्जाखालचा भाग रंगीत मातीकामाने मढवून त्याने आपल्या घरालाच दुकानाची पाटी केलं होतं. पुढे सान फ्रांचेस्को पूल. दोन डोंगरसोंडा जोडणाऱ्या या सतराव्या शतकातल्या पुलाच्या कठड्यावर रंगीत मातीची फुलं आणि नक्षी बसवलेली आहे. पूल ओलांडलात की पियात्सा उंबेर्तो, तिथेच सान जुलियानोचं कॅथेड्रल. जवळच बोर्बोन राजवटीतल्या तुरुंगाची दणकट दगडी इमारत आहे, तिच्यात आता नगर संग्रहालय आहे. वेळ नसेल तर बाहेरून बघून पुढे चला. दोन पावलांवर पियात्सा म्युनिचिपिओ आणि तिथे एकदम समोर पायऱ्या उभ्या राहतात.

पायऱ्या: खालूनच बघायच्या

स्काला दि सांता मारिया देल मोंते. १४२ पायऱ्या. खाली नगरपालिकेचा चौक, वर सांता मारिया देल मोंते हे जुनं मुख्य देऊळ. धर्मसत्ता वर होती, नगराचा कारभार खाली सरकला होता. दोन्ही जोडायला १६०६ मध्ये हा जिना बांधायला घेतला. तेव्हा तो तुकड्यातुकड्यांचा होता, मध्ये सपाट जागा होत्या. एकोणिसाव्या शतकात ते तुकडे सांधून सलग चढ केला गेला. आणि रंगीत टाइला? त्या १९५४ च्या. पाहणाऱ्याला वाटतं शेकडो वर्षांपूर्वीच्या असतील, पण नाही. मातीकाम संग्रहालयाचे संस्थापक आंतोनिनो रागोना यांच्या कल्पनेतून हे काम झालं. दहाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या इथल्या नक्षीकामाच्या शैली खालून वर अशा क्रमाने लावल्या आणि एका पायरीची नक्षी दुसऱ्या पायरीवर येऊ दिली नाही.

नवख्याला माहीत नसलेली गोष्ट अशी की टाइला फक्त पायरीच्या उभ्या बाजूवर आहेत. पाऊल पडतं तो आडवा भाग ज्वालामुखीच्या काळपट दगडाचा. म्हणजे खालून वर बघितलं तर रंगांची भिंत दिसते, आणि वरून खाली बघितलं तर एकही टाइल दिसत नाही, नुसता करडा दगड! काही जण चढ टाळायला टॅक्सीने वर जातात आणि पायऱ्या उतरत येतात. त्यांना पाठ फिरवल्याशिवाय काही दिसत नाही. खालून सुरुवात करा.

चढताना एका दमात वर जाऊ नका. सुरुवातीच्या पायऱ्यांवर अरबी वळणाच्या भौमितिक आकृत्या आहेत. मग नॉर्मन काळातले पशू-पक्षी, पुढे स्पॅनिश वळणाच्या आकृत्या, मग बारोकची गच्च पानं-फुलं. सकाळी संग्रहालयात जे कपाटात पाहिलं ते इथे पायाखाली ओळखीचं होऊन येतं, आणि माझ्या क्रमाचा खरा फायदा याच जागी कळतो. खाली वाकून एखादी टाइल जवळून बघा. निळी रेघ कडेला किंचित विरघळल्यासारखी दिसेल. कच्च्या झिलईने रंग पिऊन घेतल्याची ती खूण. पुढे खरेदीत हीच खूण कामाला येणार आहे.

दगड झिजून गुळगुळीत झाला आहे, पावसात घसरतो. पकड असलेले बूट घाला. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना सोबत नेत असाल तर चुकचुकण्याचं कारण नाही. सगळ्यात सुंदर दृश्य चौकातूनच दिसतं, त्यांना तिथे कॉफी घेऊन बसवा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना लोकांची घरं आहेत, दारं थेट पायरीवर उघडतात. कुणाच्या उंबऱ्यात ठिय्या देऊन फोटो काढू नका.

वर पोहोचल्यावर देऊळ उघडं असेल तर आत जा. नसेल तर गावाची छपरं आणि पलीकडची शेतं बघत दम खा. उतरताना मधूनच बाजूच्या गल्लीत वळा. कारखाने तिथे आहेत.

जेवण

दुपारी सगळं बंद होण्याआधी जागा धरा. शाकाहारी माणसाला सिसिलीत उपाशी राहावं लागत नाही. पास्ता आल्ला नोर्मा हा कातानियाकडचा खास पदार्थ. तळलेली वांगी, टोमॅटो, तुळशीच्या जातीची पानं आणि वर खारवलेल्या रिकोत्ताचा कीस. कापोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी, पावाबरोबर उत्तम. माक्को दि फावे हे वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं दाट वरणासारखं सूप, मिळालं तर सोडू नका. आरांचिनो हा भाताचा तळलेला गोळा घेताना सारण विचारा. लोण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यातही बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. कडक शाकाहारी असाल तर कान्नोलीच्या कुरकुरीत नळीबद्दलही विचारून घ्या, तिच्या पिठात पुष्कळदा डुकराची चरबी घालतात. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे' म्हणजे मांस नको, मासे नकोत. एवढं म्हटलं की काम होतं. बिलात माणशी एक-दोन युरो 'कोपेर्तो' म्हणून लागले तर ती फसवणूक नाही, टेबलाचा तो नेहमीचा आकार आहे.

कारखान्यात गेल्यावर

इथले बहुतेक कारखाने म्हणजे पुढे दुकान आणि मागे काम. आत शिरताना 'बोंजोर्नो' म्हणा. न बोलता आत जाऊन वस्तू उचलणं इथे उद्धटपणाचं समजतात. कुणी रंगवत बसलेलं दिसलं तर 'पोस्सो गुआर्दारे?' एवढं विचारा, म्हणजे बघू का? बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. फोटोची परवानगी वेगळी घ्या.

तिथे काय चाललेलं असतं ते आधी माहीत असलं तर बघायला मजा येते. या कामाला मायोलिका म्हणतात. चिनीमाती नव्हे, साधी भाजकी माती आणि तिच्यावर कथलाची पांढरी झिलई. चाकावर किंवा साच्यात घडवलेली वस्तू वाळवून एकदा भट्टीत जाते, साधारण हजार अंशांच्या आसपास. बाहेर येते ती फिकट विटकरी आणि सच्छिद्र. मग ती झिलईच्या पातळ द्रावात बुडवतात. भाजकी माती पाणी शोषून घेते आणि पृष्ठभागावर पिठासारखा पांढरा थर उरतो. या कच्च्या थरावर रंगवायचं असतं.

अवघड भाग हाच. कुंचला टेकला की रंग क्षणात आत शोषला जातो, पुसता येत नाही. रेघ थांबली तर तिथे ठिपका जाड होतो, आणि तो भट्टीतून आल्यावर कायमचा दिसतो. एका कारागीर बाईंचं काम मी जवळून पाहत होतो. ताटली फिरत्या पाटावर ठेवलेली, डावा हात पाट हळूहळू फिरवतोय आणि उजव्या हातातला कुंचला जवळजवळ जागच्या जागी. पानाचा देठ सुरू करताना दाब हलका, मध्ये कुंचला दाबून पोट भरायचं आणि टोकाला उचलून घ्यायचा. एका श्वासात एक पान. रंग मात्र तेव्हा मळकट दिसत होते. कोबाल्टचा निळा भट्टीत जाण्यापूर्वी काळपट असतो, तांब्याचा हिरवाही तसाच निस्तेज. दुसऱ्या भाजणीत, नऊशे-साडेनऊशे अंशांना, झिलई वितळून काचेसारखी होते आणि रंग उजळतात. म्हणजे रंगवणाऱ्याला शेवटचा रंग डोळ्यांसमोर नसताना, मनात धरून काम करावं लागतं.

एक काळजी घ्या. मांडणीवर वाळत ठेवलेल्या, रंगवलेल्या पण न भाजलेल्या वस्तूंना बोट लावू नका. पिठाचा थर बोटाला लागून येतो आणि कुणाचं तरी दिवसभराचं काम जातं. मुलांचा हात धरून ठेवा.

हातचं की छापील, कसं ओळखायचं

सगळ्याच दुकानांत सगळंच हातकाम नसतं. पर्यटक येतात तिथे कारखान्यात छापलेला मालही येतो. बघायच्या गोष्टी सोप्या आहेत.

सारख्या नक्षीच्या दोन ताटल्या शेजारी धरा. हातच्या असतील तर पानांची वळणं थोडी निराळी असतील; छापील असतील तर ठिपक्यासाठी ठिपका जुळेल. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. छापील चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, कडा धारदार असतात आणि रंग सगळीकडे एकाच जाडीचा. हातच्या रेघेत कुंचल्याचा चढ-उतार दिसतो, कुठे दाट कुठे पारदर्शक.

मग वस्तू उलटी करा. तळाला बिनझिलईची मातकट कड किंवा भट्टीत टेकू दिल्याच्या तीन बारीक खुणा दिसल्या तर चांगलं. कारागिराची सही, गावाचं नाव आणि 'दिपिंतो आ मानो' म्हणजे हाताने रंगवलेलं, हे शब्द शोधा. तरी नुसत्या शब्दांवर विसंबू नका. दुकानदाराला विचारा की हे कुणी रंगवलं, भट्टी कुठे आहे. ज्याचं स्वतःचं काम आहे तो माणूस सांगताना खुलतो. शेवटी वस्तू तळहातावर ठेवून बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. स्वच्छ टणकार आला तर ठीक, फुटका आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

जेवणासाठी भांडं घेणार असाल तर 'पेर आलिमेंती?' म्हणजे खाण्यासाठी चालेल का, हे नक्की विचारा. शोभेच्या वस्तूंची झिलई खाण्याच्या भांड्यांसारखी असेलच असं नाही, आणि आपल्याकडे लोणचं, चिंच, ताक असं आंबट रोजचं.

काय घ्यावं

दुकानांत सगळ्यात उठून दिसतात ती माणसांची डोकी. मुकुट घातलेला पुरुष, शेजारी स्त्री, वरून पोकळ, आत रोप लावायचं. याला तेस्ता दि मोरो, म्हणजे मूर माणसाचं डोकं म्हणतात. पालेर्मोची दंतकथा सांगतात की एका तरुणीला कळलं, आपल्या प्रियकराला दूरदेशी बायका-मुलं आहेत. तिने झोपेत त्याचं डोकं कापलं आणि त्यात तुळशीसारखं सुगंधी रोप लावलं. ते रोप इतकं वाढलं की शेजाऱ्यांनीही तशा कुंड्या करून घेतल्या. कथा भीषण आहे, पण कुंड्या घरोघरी सज्जात दिसतात. जोडी घेण्याचा रिवाज आहे. मोठी डोकी महाग आणि जड. भारतापर्यंत न्यायची तर लहानच घ्या.

पाइनचं फळ, म्हणजे पिन्या, हे भरभराटीचं चिन्ह. घरभरणीला भेट देतात. मला विचाराल तर नवख्याने पहिली खरेदी एका चांगल्या टाइलची करावी. सपाट असते, सहजी फुटत नाही, पिशवीत बसते आणि रंगवणाऱ्याचा हात तिच्यात पूर्ण दिसतो. मुलांसाठी भाजक्या मातीच्या शिट्ट्या मिळतात. हाही इथला जुना प्रकार आहे. मंडईसारखी घासाघीस करू नका. चार-पाच वस्तू एकत्र घेतल्या तर सवलत विचारायला हरकत नाही.

सण गाठायचा असेल तर

२४ आणि २५ जुलैला गावचा रक्षक संत जाकोमो याचा उत्सव असतो. त्या रात्री पायऱ्यांवर हजारो तेलाचे दिवे रंगीत कागदी नळकांड्यांत ठेवतात, आणि त्यांतून खालून वर एक अवाढव्य चित्र उभं राहतं. चौकातले दिवे मालवतात, इशारा होतो आणि मुलं-तरुण पायऱ्यांवर धावत एकेक दिवा पेटवत जातात. चित्र अंधारातून हळूहळू उमटतं. हा सोहळा ऑगस्टच्या १४-१५ लाही होतो. मे महिन्याच्या अखेरीस, मेरी मातेच्या उत्सवात, दिव्यांऐवजी फुलझाडांच्या कुंड्यांनी चित्र रचतात, आणि ते दिवसाउजेडी बघता येतं. दिव्यांच्या रात्री परतीची बस मिळणार नाही हे धरूनच चला. खोली काही महिने आधी ठरवा आणि चौकात अंधार पडण्यापूर्वी जागा धरा.

परतीची बांधाबांध

दुकानदार फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये चांगलं बांधून देतात, तरी स्वतःचे दोन टॉवेल आणि जाड मोजे सोबत ठेवा. ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. उभी ताटली धक्का जास्त सोसते. पोकळ वस्तूत कपडे गच्च भरा, हलायला जागा ठेवू नका. मौल्यवान तुकडा केबिन बॅगेतच न्या. मोठी वस्तू असेल तर कारखान्याकडून थेट भारतात पाठवता येते का ते विचारा. विमा आणि भारतातलं सीमाशुल्क कोण भरणार हे बिलावर लिहून घ्या.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला एका दुकानात ७० युरोंहून जास्तीच्या खरेदीवर विक्रीकराचा परतावा मिळू शकतो. त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून अर्ज करून घ्यावा लागतो, नंतर होत नाही. युरोपातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर सीमाशुल्काचा शिक्का किंवा डिजिटल मंजुरी घ्यायची असते आणि अधिकारी वस्तू बघायला मागू शकतात. तेव्हा हे काम होईपर्यंत ती वस्तू चेक-इन सामानात देऊ नका, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.